जमणं, जमवणं आणि इंग्रजी: ‘कलेक्ट’च्या पलीकडची क्रियापदं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बचत गटांच्या कामाचे अहवाल तुम्ही दर महिन्याला इंग्रजीत लिहिता. माणसं जमली, माहिती गोळा केली, पैसे उभे केले, कागद एकत्र केले, या सगळ्यासाठी तुम्हाला एकच क्रियापद सुचतं, ते म्हणजे ‘कलेक्ट’. वरिष्ठ ते खोडून दुसरं काहीतरी लिहितात, पण कारण सांगत नाहीत. समानार्थी शब्दांची यादी पाठ करूनही कुठे काय बसतं ते उमगत नाही. सोबत तुम्ही अहवालातली चार वाक्यं पाठवली आहेत. ‘वी कलेक्टेड द विमेन इन द टेंपल’, ‘द विमेन वेअर गॅदर्ड ॲट टेन’, ‘शी कलेक्टेड मनी फॉर हर डॉटर्स फीज’ आणि ‘वी क्लब्ड टू मीटिंग्ज’. या चार वाक्यांतच बहुतेक सगळ्या अडचणी आल्या आहेत, म्हणून त्यांच्याच आधाराने सांगतो.

आधी ती यादी बाजूला ठेवा. मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवताना आणि संस्थांचे अहवाल तपासताना मला सगळ्यात जास्त नुकसान या याद्यांनी केलेलं दिसतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात गॅदर, कलेक्ट, असेंबल, अक्युम्युलेट, अमॅस, मस्टर, काँग्रिगेट हे सगळे एका ओळीत उभे करतात आणि समोर एकच अर्थ देतात, ‘गोळा करणे’. मग विद्यार्थ्याला वाटतं, यातला कुठलाही उचलला तरी चालेल, आणि तो दिसायला जड असलेला उचलतो.

खरं तर आपली मराठी एवढी सपाट नाही. आपण कापूस वेचतो, पाणी साचतं, धान्य साठवतो, विटा रचतो, पैसे जुळवतो, वर्गणी काढतो, गुरं वळतो, पानं क्रमाने लावतो. कुणी ‘पाणी वेचलं’ म्हणत नाही आणि ‘शेंगा साचवल्या’ असंही म्हणत नाही. ‘गोळा करणे’ आणि ‘एकत्रित करणे’ हे कचेरीतल्या कागदांवरचे शब्द आहेत. त्यांत बारकावा उरलेला नसतो, आणि आपण इंग्रजीत जाताना नेमके तेच हातात घेऊन जातो. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की इंग्रजी क्रियापद शोधण्याआधी घरातलं, शेतातलं, बाजारातलं मराठी क्रियापद शोधा. वेचलं की साचलं, रचलं की जुळवलं, आपणहून आले की बोलावून आणले, हे एकदा स्पष्ट झालं की इंग्रजी शब्दापर्यंतचं निम्मं अंतर कापलं जातं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे आणि तुमचं दुसरं वाक्य तिथेच अडलं आहे. मराठीत जमणं आणि जमवणं, साचणं आणि साचवणं, साठणं आणि साठवणं अशी वेगवेगळी रूपं आहेत. क्रिया आपोआप झाली की कुणी केली, हे रूपावरूनच कळतं. इंग्रजीत या गटातली बरीच क्रियापदं दोन्ही कामं एकाच रूपात करतात. ‘अ क्राउड गॅदर्ड’ म्हणजे गर्दी जमली आणि ‘शी गॅदर्ड हर पेपर्स’ म्हणजे तिने कागद आवरून घेतले. कलेक्ट, असेंबल, अक्युम्युलेट, क्लस्टर, मर्ज ही सगळी अशीच दुहेरी आहेत. पण मराठीत आपण ‘बायका जमल्या होत्या’ म्हणतो आणि त्या ‘होत्या’ला इंग्रजीत ‘वेअर’ लावून टाकतो. ‘द विमेन वेअर गॅदर्ड’ असं वाचताना इंग्रजी वाचकाला त्यामागे कुणीतरी जमवणारा दिसतो. तुम्हाला ते सांगायचं नाही. दहा वाजता जमल्या असतील तर ‘द विमेन गॅदर्ड ॲट टेन’, आणि तुम्ही पोहोचलात तेव्हा आधीच जमलेल्या असतील तर ‘द विमेन हॅड गॅदर्ड बाय टेन’. तसंच पावसाचं पाणी. ‘वॉटर कलेक्टेड ऑन द रोड’ म्हणजे रस्त्यावर पाणी साचलं. ‘वॉटर वॉज कलेक्टेड’ लिहिलंत तर कुणीतरी हंडे भरून ठेवले असा अर्थ होतो.

काही क्रियापदं मात्र एकाच बाजूची आहेत. काँग्रिगेट, कन्व्हर्ज आणि फ्लॉक फक्त ‘जमणं’. ‘वी काँग्रिगेटेड द विलेजर्स’ असं होत नाही. अमॅस, कंपाइल आणि कोलेट आजच्या वापरात फक्त ‘जमवणं’, त्यांना काहीतरी कर्म लागतंच. नवा शब्द शिकताना त्याच्या अर्थाआधी ही बाजू वहीत लिहून ठेवा.

आता पहिलं वाक्य. ‘वी कलेक्टेड द विमेन इन द टेंपल’ हे व्याकरणात बसतं, पण त्यातून चित्र वेगळंच उभं राहतं. ब्रिटिश इंग्रजीत माणसाला ‘कलेक्ट’ करणं म्हणजे ठरलेल्या जागेवरून त्याला घेऊन येणं. ‘आय कलेक्ट द चिल्ड्रन फ्रॉम स्कूल ॲट फोर’. अमेरिकेत यालाच ‘पिक अप’ म्हणतात. तुम्ही जीप घेऊन वस्तीवस्तीवरून बायकांना आणलं असेल तर ‘वी कलेक्टेड द विमेन फ्रॉम देअर होम्स’ अगदी बरोबर आहे. निरोप देऊन त्यांना देवळात जमवलं असेल, तर बोलण्यातलं इंग्रजी ‘वी गॉट द विमेन टुगेदर ॲट द टेंपल’ असं होईल. दुरावलेल्यांना जवळ आणलं असा भाव हवा असेल तर ‘ब्रॉट टुगेदर’. अहवालात मी स्वतः यापैकी काहीच न लिहिता सरळ ‘वी हेल्ड अ मीटिंग विथ द विमेन ॲट द टेंपल’ लिहीन, कारण तिथे सांगण्यासारखी बाब बैठक आहे, जमवणं नव्हे.

मग ‘कलेक्ट’ कुठे वापरायचं? एकेका ठिकाणाहून, ठरावीक पद्धतीने, एकामागून एक घेत जायचं आणि ते जपायचं किंवा पुढे पोचवायचं असेल तिथे. भाडं, कर, तिकिटाचे पैसे, रक्ताचे नमुने, ओला-सुका कचरा, पोस्टाची तिकिटं. वसुलीचा भाव त्यात मुरलेला आहे. आपल्याकडे ‘कलेक्टर’ हे पद वॉरन हेस्टिंग्जच्या काळात १७७२ मध्ये आलं ते महसूल गोळा करण्यासाठीच. पुढे त्या पदाकडे कितीतरी कामं आली, मराठीत ‘जिल्हाधिकारी’ रूढ झालं, पण इंग्रजी नावात मूळचं काम तसंच राहिलं. तुमच्या अहवालात प्रत्येक सभासदाकडून महिन्याची ठरलेली बचत घेता, तिथे ‘कलेक्ट’सारखा चपखल शब्द नाही. ते वाक्य वरिष्ठांनी खोडलं तर नम्रपणे विचारा.

‘गॅदर’ समजून घ्यायला शिंप्याकडे बघा. फ्रॉकला किंवा परकराला चुण्या घालताना तो धाग्याने पसरलेलं कापड एका बाजूला ओढून घेतो, आणि त्या चुण्यांना आपले शिंपी ‘गॅदर’च म्हणतात. पसरलेलं होतं ते एका मध्याकडे ओढलं गेलं, एवढंच त्या क्रियापदात आहे. मोजदाद नाही आणि पद्धतीचा आग्रहही नाही. म्हणून सरपण गोळा करणं ‘गॅदर फायरवुड’, माणसं शेकोटीभोवती जमणं ‘गॅदर राउंड द फायर’, विखुरलेलं मन आवरणं ‘गॅदर युअर थॉट्स’. ‘टुगेदर’ या शब्दातही हेच मूळ आहे.

माहितीसाठी दोन्ही चालतात, आणि इथला फरक तुम्हाला रोज लागेल. इकडे-तिकडे चौकशी करून, चार लोकांशी बोलून अंदाज घेतला तर ‘वी गॅदर्ड इन्फर्मेशन’. छापील फॉर्म, सगळ्यांना तेच प्रश्न आणि ठरलेली घरं असतील तर ‘वी कलेक्टेड डेटा’. जनगणनेतली माहिती दुसऱ्या प्रकारची असते. पारावर बसून कळलेल्या गोष्टीला तुम्ही ‘कलेक्टेड डेटा’ लिहिलंत, तर देणगीदार संस्था ते फॉर्म मागेल.

‘गॅदर’चे दोन-तीन वापर पाठच करून टाका, कारण ते मराठीवरून सुचत नाहीत. ‘आय गॅदर यू आर लीव्हिंग पुणे’ म्हणजे तुम्ही पुणं सोडताय असं माझ्या कानावर आलंय, मी तसं समजतो. ‘द मशीन इज गॅदरिंग डस्ट’ म्हणजे यंत्र धूळ खात पडलंय. ‘गॅदर स्पीड’ म्हणजे वेग घेणं. आणि शाळेचं ‘गॅदरिंग’! महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की रंगीत कपडे, नाच, बक्षीस समारंभ सगळं डोळ्यांपुढे येतं. बाहेरच्या इंग्रजी वाचकाला त्यातून फक्त ‘काही माणसं जमली’ एवढंच कळतं. त्याच्यासाठी ‘ॲन्युअल डे’ लिहावं. आपल्यात बोलताना गॅदरिंगच म्हणावं, तो आता आपलाच शब्द आहे.

माणसांच्या जमण्यासाठी इंग्रजीत सगळ्यात जास्त छटा आहेत, आणि इथे थोडं थांबायला हवं.

‘असेंबल’मध्ये हेतू असतो. कुठे, कधी, कशासाठी हे आधी ठरलेलं असतं. शाळेची प्रार्थना ‘असेंब्ली’, कारखान्यात आग लागल्यावर सगळ्यांनी जमायची जागा ‘असेंब्ली पॉइंट’, आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी पहिल्यांदा भरलेली आपली संविधान सभा म्हणजे ‘कॉन्स्टिट्युअंट असेंब्ली’. नागरिकांना शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्येही ‘असेंबल’च आहे. कायद्यात तर हेतूवर सगळं ठरतं. ‘अनलॉफुल असेंब्ली’ म्हणजे बेकायदा जमाव. त्याला पाच किंवा अधिक माणसं लागतात आणि त्यांचा कायद्यात सांगितलेल्यांपैकी एखादा समान उद्देश लागतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये आहे. बसथांब्यावर पावसात उभी असलेली वीस माणसं ‘असेंबल’ झालेली नसतात. ती ‘गॅदर’ झालेली असतील, फार तर ‘हडल’ करून उभी असतील.

वस्तूंसाठीही हाच धागा धरा. संगणक किंवा कपाट ‘असेंबल’ करतात, कारण प्रत्येक भागाची जागा ठरलेली असते. मराठी कारखान्यात याला जुळवणी म्हणतात. फोर्डने १९१३ मध्ये मोटारींच्या जुळवणीसाठी सरकता पट्टा सुरू केला, तीच ‘असेंब्ली लाइन’. भाग एका पेटीत नुसते टाकले तर ते ‘कलेक्ट’ झाले, जागच्या जागी बसवले की ‘असेंबल’.

‘कन्व्हीन’ म्हणजे अधिकार असलेल्याने सभा बोलावणं. निमंत्रक तो ‘कन्व्हीनर’. विधिमंडळाच्या बाबतीत संविधानाचा शब्द यापेक्षाही वेगळा आहे. अनुच्छेद १७४ नुसार राज्यपाल सभागृहाला ‘समन’ करतात, वर्तमानपत्रं मात्र सर्रास ‘कन्व्हीन’ लिहितात. गटांच्या महासंघाची विशेष सभा अध्यक्षांनी बोलावली तर ‘कन्व्हीन्ड’ शोभतं. गल्लीतल्या दहा जणींच्या साप्ताहिक बैठकीला ते फार जड होतं. तिथे ‘द ग्रुप मेट ऑन मंडे’ पुरे. मला सांगायला आवडतं की ‘मीट’ हे या सगळ्या पसाऱ्यातलं सगळ्यात कामाचं क्रियापद आहे आणि अहवालांत ते सगळ्यात कमी दिसतं.

‘काँग्रिगेट’ला कुणाचं बोलावणं लागत नाही. माणसं सवयीने, ओढीने एका जागी येत राहतात. देवळात, टपरीवर, तळ्याकाठी पक्षी. शब्दाच्या मुळात लॅटिनमधला कळप आहे. इंग्रजी बातम्यांत ‘यंग मेन काँग्रिगेट आउटसाइड द शॉप’ असं आलं की त्यात हलकीशी नापसंती असते, हे लक्षात असू द्या. तुमच्या सभासदांसाठी मी तो वापरणार नाही.

‘कन्व्हर्ज’ समजायला आषाढी वारीइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी निघते, देहूहून तुकोबांची, आणखी कितीतरी पालख्या वेगवेगळ्या दिशांनी चालत येतात आणि पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला एकत्र येतात. ‘द पालखीज कन्व्हर्ज ॲट वाखरी’. इथे ‘गॅदर’ चुकीचं ठरणार नाही, पण निरनिराळ्या वाटा एका बिंदूकडे येण्याचं जे चित्र आहे ते निघून जाईल. लोक गावाकडे लोटतात तेव्हा ‘पिलग्रिम्स कन्व्हर्ज ऑन पंढरपूर’, म्हणजे ठिकाणाआधी ‘ऑन’. एकदा गावात पोचले आणि रस्ते तुडुंब भरले की ‘थ्राँग’. ‘डिव्होटीज थ्राँग्ड द स्ट्रीट्स’. यात मध्ये ‘इन’ घालायचा नाही, रस्ता हेच कर्म. हा बातमीतला शब्द आहे, बोलताना कुणी फारसा वापरत नाही. सहलीच्या दिवसांत लोक कोकणात मोठ्या संख्येने, आपल्या हौसेने जातात, तेव्हा ‘टूरिस्ट्स फ्लॉक टू कोकण’. थव्याचा शब्द आहे, पण त्यात कमीपणा नाही.

‘स्वॉर्म’मध्ये मधमाश्यांसारखी वळवळ आणि थोडी भीती असते. ‘मॉब’ म्हणजे चाहत्यांनी एखाद्या नटाला घेरणं. ‘हडल’ म्हणजे अंग चोरून एकमेकांना बिलगणं, थंडीने, भीतीने किंवा गुप्त मसलतीसाठी. सामन्याआधी क्रिकेटपटू खांद्यावर हात टाकून वर्तुळ करतात ते ‘हडल’.

दोन शब्दांपासून मात्र जपा. ‘हर्ड’ म्हणजे गुरं हाकणं. ‘द विमेन वेअर हर्डेड इंटू द हॉल’ म्हणजे बायकांना गुरांसारखं सभागृहात कोंडलं. कुणी खरंच तसं वागवलं असेल आणि तक्रार करायची असेल तरच तो लिहावा. ‘राउंड अप’ हेही मुळात गुरं वळण्याचं क्रियापद, तिथून ते पोलिसांकडे गेलं. ‘द पोलीस राउंडेड अप ट्वेंटी सस्पेक्ट्स’ म्हणजे धरपकड. मैत्रीच्या बोलण्यात ‘राउंड अप अ फ्यू व्हॉलंटिअर्स’ चालतं, कागदावर आपल्या माणसांसाठी नको. (४७ ला ५० धरणं हेही ‘राउंड अप’च, हिशेबाच्या पानावर ते बेधडक वापरा.)

‘मस्टर’ तुम्हाला नवा वाटायचं कारण नाही. रोजगार हमीच्या कामावर मजुरांच्या हजेरीचं ‘मस्टर’ असतं, कचेऱ्यांत ‘मस्टरवर सही केली का?’ विचारतात. मूळ अर्थ सैनिकांना समोर उभं करून दाखवणं. त्यावरून क्रियापदाचा अर्थ झाला, आपल्याकडे आहे तेवढं सगळं बाहेर काढून उभं करणं. बहुतेक वेळा ते पुरेल की नाही अशी शंका त्यात असते. ‘शी मस्टर्ड द करेज टू स्पीक’ म्हणजे तिने धीर एकवटून तोंड उघडलं. ‘द मीटिंग कुड नॉट मस्टर अ कोरम’ म्हणजे गणपूर्ती होऊ शकली नाही. हे दुसरं वाक्य तुम्हाला नक्की लागेल.

‘रॅली’चं आपण पार मोर्चा करून टाकलं आहे. क्रियापद म्हणून त्यात पांगलेल्यांनी पुन्हा एकत्र येण्याचा भाव आहे. ‘द व्हिलेज रॅलीड बिहाइंड द सरपंच’ म्हणजे गाव सरपंचाच्या पाठीशी उभं राहिलं. घसरलेला शेअर बाजार सावरून वर चढतो, तेव्हाही ‘द मार्केट रॅलीड’ म्हणतात.

आता पैसे, म्हणजे तुमचं तिसरं वाक्य. मुलीच्या फीसाठी त्या बाईने पैसे ‘कलेक्ट’ केले म्हटलं की ती पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरली असं वाटतं. तुम्ही मराठीत काय म्हणाला असतात? ‘कसेबसे पैसे जुळवले’. इंग्रजीत त्याला नेमका जोड आहे, ‘शी स्क्रेप्ड टुगेदर द मनी’. खरवडून खरवडून जमवलेले पैसे. त्या बाईची ओढाताण या एका क्रियापदात येते, आणि तुमच्या वाचकापर्यंत ती पोचायलाच हवी. दर महिन्याला थोडे बाजूला ठेवले असतील तर ‘सेव्ह्ड अप’. शेजारणींनी प्रत्येकी थोडे घातले असतील तर ‘द नेबर्स चिप्ड इन’. गटाने सगळ्यांची रक्कम एकत्र ठेवून त्यातून गरजूला कर्ज दिलं असेल तर ‘पूल्ड देअर सेव्हिंग्ज’. बचत गटाच्या कामाचा गाभाच या ‘पूल’मध्ये आहे, तरी अहवालांत हा शब्द मला क्वचित दिसतो. संस्थेने कामासाठी निधी उभा केला तर ‘रेझ्ड फंड्स’.

‘अक्युम्युलेट’ म्हणजे हळूहळू, थरावर थर साठत जाणं, अनेकदा कुणी मुद्दाम न करता. कर्ज, कचरा, रजेचे दिवस. खात्यावर व्याज चढत जातं त्याला बँकेचा शब्द ‘अक्रू’. ‘अमॅस’साठी आकडा मोठा लागतो, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी तो बेहिशेबी मालमत्तेला इतका चिकटवला आहे की चांगल्या माणसाच्या बचतीला तो लावू नये. ‘होर्ड’ तर दडवून साठवणं, साठेबाजी. घरात पावसाळ्याची बेगमी केली तर ते ‘होर्ड’ नव्हे, ‘स्टॉक अप’.

चौथं वाक्य ‘क्लब’चं. इथे वरिष्ठांनी खोडलं ते का, हे मी समजू शकतो, पण पूर्ण सहमत नाही. ‘दोन गोष्टी क्लब करणं’ हे भारतीय इंग्रजीत पक्कं रुजलेलं आहे. प्राप्तिकर कायद्यात पती-पत्नी किंवा अज्ञान मुलांचं उत्पन्न करदात्याच्या उत्पन्नात धरण्याची कलमं आहेत, त्यांना सगळे करसल्लागार ‘क्लबिंग ऑफ इन्कम’ म्हणतात. न्यायालयांतही सारख्या याचिका ‘क्लब’ होतात. भारतातल्या वाचकासाठी हा शब्द चुकीचा म्हणणं मला पटत नाही. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला ‘क्लब’ हे क्रियापद म्हटलं की सोट्याने मारणं आधी आठवतं, आणि ब्रिटिशांच्या ‘क्लब टुगेदर’चा अर्थ तर वर्गणी काढणं आहे. तुमचा अहवाल परदेशी देणगीदाराकडे जात असेल तर ‘वी कम्बाइन्ड द टू मीटिंग्ज’ लिहा. दोन्ही बैठका एकापाठोपाठ घेतल्या असतील तर ‘वी हेल्ड द टू मीटिंग्ज बॅक टू बॅक’.

कागदपत्रांच्या कामात तीन शब्दांची गल्लत होते. ‘कंपाइल’ म्हणजे ठिकठिकाणच्या माहितीतून नवी यादी किंवा अहवाल तयार करणं. ‘कोलेट’ म्हणजे आलेलं साहित्य ताडून क्रमाने लावणं. प्रिंट काढताना पडद्यावर ‘कोलेट’ची चौकट असते. तिच्यावर खूण केली तर पहिलं, दुसरं, तिसरं पान असे पूर्ण संच निघतात, नाही केली तर पहिल्या पानाच्या सगळ्या प्रती आधी. ‘कन्सॉलिडेट’मध्ये तुकडे जोडून एक भक्कम गोष्ट होते. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नावात जमिनीच्या एकत्रीकरणासाठी हाच शब्द आहे. तालुक्यांचे आकडे आले, ते ‘कोलेट’ केले, त्यातून जिल्ह्याचा अहवाल ‘कंपाइल’ केला, पाच लहान कर्जं मिळून एक केलं ते ‘कन्सॉलिडेट’.

ढिगांचं पटकन सांगतो. नीट रचलेलं ‘स्टॅक’, एकावर एक पडत गेलेलं ‘पाइल’, कसंही टाकलेलं ‘हीप’, आणि मोळी किंवा गाठोडं ‘बंडल’. वह्या ‘स्टॅक’ करतात, थकलेली कामं ‘पाइल अप’ होतात. शेतात कापणीनंतर मागे राहिलेला सरवा वेचणं म्हणजे ‘ग्लीन’, आणि तोच शब्द बोलण्यातून, कागदांतून कणाकणाने माहिती मिळवण्यासाठीही वापरतात.

गट पाडण्याच्या बाबतीत ‘ग्रुप’ तटस्थ आहे. ‘ग्रुप बाय एज’ म्हणजे वयानुसार, ‘ग्रुप इंटू फाइव्ह टीम्स’ म्हणजे पाच गटांत. ‘क्लस्टर’ म्हणजे जवळजवळ असलेल्यांचा घोस, घरांचा किंवा गावांचा. ‘लम्प टुगेदर’ नेहमी तक्रारीचा सूर घेऊन येतं. विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित स्त्रिया सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबलं, तर ‘दे वेअर लम्प्ड टुगेदर’ लिहा आणि तो रकाना बदलून घ्या.

शेवटी ‘टुगेदर’बद्दल, कारण अहवालांत तो बऱ्याचदा गरज नसताना येतो. मराठीत ‘एकत्र जमलो’ म्हणायची सवय, म्हणून आपण ‘असेंबल्ड टुगेदर’, ‘मर्ज्ड टुगेदर’ लिहितो. असेंबल, मर्ज, कन्व्हर्ज आणि कलेक्ट यांच्या पोटात ‘एकत्र’ आहेच, तिथे तो काढा. ‘गेट टुगेदर’, ‘स्क्रेप टुगेदर’, ‘लम्प टुगेदर’ आणि ‘ब्रिंग टुगेदर’ यांत मात्र त्याच्यावाचून अर्थच होत नाही, तिथे ठेवा. आणि ‘गेट-टुगेदर’ हे आपण मराठीत नाम म्हणून वापरतो तसंच इंग्रजीतही नाम आहे, पण ते ‘केलं’ जात नाही. ‘वी डिड गेट-टुगेदर’ नव्हे, ‘वी हॅड अ गेट-टुगेदर’ किंवा नुसतं ‘वी गॉट टुगेदर’. पुढचा अहवाल लिहाल तेव्हा आधी फक्त एवढंच करून पाहा. प्रत्येक ‘कलेक्ट’खाली रेघ मारा आणि समासात मराठी क्रियापद लिहा. मग एखाद्या चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत इंग्रजी शब्द उघडून त्याच्या उदाहरणांत कर्म म्हणून कोण आलंय ते बघा, माणसं, पैसे, कागद की पाणी.